लाटणं कुणाचं?

बायकोवरचा विनोद भाषांतराला सगळ्यांत सोपा. वीसेक वर्षं मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांच्यात ये-जा करून पोट भरते आहे, तेव्हा हे अनुभवाने सांगते. कवितेतलं एखादं साधं क्रियापद आठवडाभर छळतं. राजकीय व्यंगचित्राखालची एक ओळ दुसऱ्या भाषेत नेताना कुठला मंत्री, कुठला घोटाळा, कुठली पोटनिवडणूक हे सगळं सांगत बसावं लागतं आणि तोवर विनोदाचा जीव गेलेला असतो. पण दाराआड लाटणं घेऊन उभी असलेली जाडजूड बायको आणि चपला हातात धरून चोरपावलांनी घरात शिरणारा काटकुळा नवरा? त्याला तळटीप लागत नाही. मराठीतून उचला, कन्नडमध्ये ठेवा, इंग्रजीत ठेवा. कुठेही चालतो.

मला तेच खटकतं. भाषांतरात ज्याचं काहीच हरवत नाही, त्यात हरवण्यासारखं मुळात काही नसतं. आपण ज्याला खास आपला, घरगुती, मध्यमवर्गीय मराठी विनोद म्हणून दिवाळी अंकांत पिढ्यान्‌पिढ्या छापत आलो, तो आपला आहे का, हे एकदा तपासायला हवं.

लाटण्यापासूनच सुरुवात करू. १९१३ साली अमेरिकेत जॉर्ज मॅकमॅनस यांची ‘ब्रिंगिंग अप फादर’ ही चित्रमालिका सुरू झाली. तिच्यातली मॅगी नवऱ्याला, जिग्सला, लाटणं फेकून मारते. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९५७मध्ये, इंग्लंडच्या ‘डेली मिरर’मध्ये रेग स्माइद यांचा अँडी कॅप अवतरला; त्याची बायको फ्लो हीही लाटणंवालीच. (सुरुवातीच्या काळात अँडी फ्लोला बेदम मारत असे आणि तोही विनोदच समजला जाई. पुढे तो भाग गळला. लाटणं राहिलं.) आता आपल्या स्वयंपाकघरातलं लाटणं आठवा. सडपातळ, टोकांकडे निमुळतं होत गेलेलं, पोळीच्या अंगाने फिरणारं. आणि मग जुन्या अंकांतली चित्रं काढून नीट पाहा. कितीतरी चित्रांत बाईच्या हातातलं लाटणं जाडजूड असतं, दोन्ही बाजूंना मुठी असलेलं. पेस्ट्रीची कणीक लाटायचं. अशा लाटण्याने सदाशिव पेठेत कुणी पोळी केली असेल असं मला वाटत नाही. चित्रकाराने घरात मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. साहेबाच्या वर्तमानपत्रातून लाटणं उचललं आणि बायकोच्या हातात दिलं. बायकोही तिथूनच उचलली.

मराठी बाईने लाटणं स्वयंपाकघराबाहेर आणलं होतं, नाही असं नाही. ती तारीख मात्र वेगळी आहे. १९७२च्या दुष्काळानंतर तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. त्या बायकांचा लाटणं मोर्चा निघाला. थाळ्या बडवल्या गेल्या, मंत्र्यांना घेराव पडले. वेगवेगळ्या पक्षांच्या, वेगवेगळ्या जातींच्या, चाळींतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या बायका त्यात होत्या. मराठीतल्या लाटण्याला इतिहास आहे तो हा. ते नवऱ्याच्या टाळक्यासाठी नव्हतं, सरकारसाठी होतं. ते लाटणं व्यंगचित्रात का रुजलं नाही? महागाईवरचं चित्र म्हटलं की आजही रिकामी पिशवी घेतलेला पुरुष काढायचा आणि लाटणं म्हटलं की नवऱ्यामागे धावणारी बाई काढायची, ही विभागणी कुणी ठरवली?

आणि मारणारी बाई हा विनोद ज्या समाजात चालतो, तिथली आकडेवारीही जरा पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी ४४ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९ टक्के, महाराष्ट्राचा २५. मी ज्या शहरात बसून हे लिहिते आहे तिथे, म्हणजे जिथली माणसं स्वतःला फार शिकलेली आणि फार संगणकी समजतात तिथेही, व्यंगचित्रातला मार खातो तो नवराच. विनोदात वास्तव उलटं करायला माझी हरकत नाही, विनोद उलटापालट करतोच. राजाला विदूषक करायचं, विदूषकाला राजा. पण इथे मार खाणाऱ्याला मारणारा केलं जातं आणि मग मार देणारा हसतो. ही उलटापालट वरच्याच्या सोयीची आहे.

दुसरा लाडका विषय म्हणजे एप्रन बांधून भांडी घासणारा नवरा. पुरुष भांडी घासतो, एवढंच त्या चित्रात हसण्यासारखं असतं, दुसरं काही नाही. २०१९च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं आणि पुरुष ९७. त्यातही ही कामं मुळात करणारे पुरुषच शंभरात सव्वीस. म्हणजे ‘भांडी घासणारा बिचारा’ हा प्राणी तसा दुर्मीळ. दिवाळी अंकांत मात्र त्याची संख्या भरपूर.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडे मी हा विषय काढला होता. ज्येष्ठ गृहस्थ, माझ्याशी नेहमी आपुलकीने बोलणारे. म्हणाले, “बाई, व्यंगचित्र म्हणजेच अतिशयोक्ती. तुम्हाला अतिशयोक्ती नको असेल तर फोटो बघा.” हा युक्तिवाद इतका वेळा ऐकला आहे की त्याचं उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं.

अतिशयोक्ती हवीच. मराठीत अर्कचित्र असा छान शब्द आहे. माणसाचा अर्क काढायचा. आर. के. लक्ष्मण यांनी इंदिरा गांधींचं नाक काढलं ते त्याच नाकाचा अर्क होतं. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर ते बसलं नसतं. ती बाई होती म्हणून नव्हे, ती इंदिरा गांधी होती म्हणून ते नाक. अशा अतिशयोक्तीला माझा सलाम आहे. व्यंगचित्रातली ‘बायको’ मात्र कुणाचाच अर्क नाही. ती साचा आहे. स्टिरिओटाइप हा शब्द मुळात छापखान्यातला, जुळवलेल्या खिळ्यांवरून एकदा ओतून घेतलेली, पुन्हा पुन्हा वापरायची धातूची पाटी. आपल्याकडेही जुन्या छापखान्यांत जस्ताचे ब्लॉक कपाटात पडून असत. रकान्यात जागा उरली की एक काढून बसवायचा. अर्कचित्र विशेष काय ते शोधून फुगवतं, साचा विशेष पुसून टाकतो. एकाच हाताने चाळीस पुढाऱ्यांच्या चाळीस हनुवट्या काढायच्या आणि चाळीस घरांतली बायको मात्र एकच, याला अतिशयोक्ती म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

लक्ष्मणांचा विषय निघालाच आहे तर पुढे जाऊ. म्हैसूरचा हा माणूस मुंबईला गेला आणि १९५१पासून ‘यू सेड इट’मधून त्याने देशाला कॉमन मॅन दिला. चौकड्यांचा कोट, धोतर, गप्प. इकडे बंगळूरमध्ये ‘डेक्कन हेराल्ड’मध्ये बी. व्ही. राममूर्तींनी मिस्टर सिटिझन उभा केला. दोघेही थोर, दोघेही पुरुष. मराठीत आपण ‘सामान्य माणूस’ म्हणतो तेव्हा त्यात बाई आली असं समजायचं असतं. बरं, समजू या. मग ‘सामान्य बाई’ असं म्हणून पाहा. ऐकताक्षणी शब्दाची किंमत उतरते ना? सामान्य माणूस म्हणजे लोकशाहीचा आधार. सामान्य बाई म्हणजे जिच्यात विशेष काही नाही अशी. आपल्या भाषेत ‘बाईमाणूस’ असा शब्द आहे, पुरुषाला मात्र नुसतं ‘माणूस’ पुरतं. नागरिक असण्यासाठी बाईला आधी उपसर्ग लावून घ्यावा लागतो.

कॉमन मॅनचा पुतळा पुण्यात सिंबायोसिसमध्ये आहे, मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर आहे. त्याची बायकोही चित्रांत येते आणि त्याच्याउलट ती बोलते. पण तिच्या बोलण्याला ‘बडबड’ म्हणायची सोय आपण आधीच करून ठेवलेली आहे आणि त्याच्या गप्प बसण्याला शहाणपण म्हणायची. लक्ष्मणांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांचा कुंचला फार मोठा होता आणि कॉमन मॅनच्या मौनाने या देशाला जे सांगितलं ते मी कमी लेखत नाही. मी एवढंच म्हणते की साक्षीदाराच्या जागी कोण उभं राहणार, हे त्या चित्रात आधीच ठरलेलं होतं.

गोव्याच्या मारिओ मिरांडांची मिस फोन्सेका आणि मिस निंबूपाणी यांच्याबद्दल थोडक्यात. मारिओंची रेषा लोभस आहे, त्यांच्या गर्दीच्या चित्रांत बाया, बुवा, कुत्री, पाद्री सगळे सारख्याच मायेने येतात. पण साहेबाच्या टेबलाशी असलेली, ठिपक्यांच्या तंग फ्रॉकमधली सेक्रेटरी ख्रिश्चनच असायची, हा साचा त्यांनी मोडला नाही, त्याला मोहक केलं. हिंदी सिनेमाने तो आधीच करून ठेवलेला होता. मुंबईच्या कचेऱ्यांत टंकलेखन करून घरं चालवणाऱ्या गोव्याच्या आणि वांद्र्याच्या मुलींना त्याची किंमत किती मोजावी लागली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

‘आवाज’च्या खिडक्यांवर मात्र जरा थांबायला हवं, कारण तिथे खरी कारागिरी आहे. मधुकर पाटकरांनी १९५१मध्ये सुरू केलेला हा दिवाळी अंक. पानाला कापून केलेली खिडकी. बंद असताना आतलं चित्र काहीतरी चावट दिसतं, उघडली की साळसूद निघतं. माझ्या पिढीने हा अंक घरातल्या मोठ्यांच्या नजरेआड वाचला आणि खरं सांगायचं तर खिडकीच्या युक्तीला दाद द्यावीच लागते. समर्थक म्हणतात, अश्लील चित्रात काही नाही, ते तुमच्या डोळ्यांत आहे; खिडकी तुमचंच पितळ उघडं पाडते. अर्धं खरं आहे. पण हा डाव खेळायचा तर चित्रकाराला आधी एका डोळ्यावर पैज लावावी लागते आणि तो डोळा दर वर्षी पुरुषाचाच असतो. खिडकीत दिसणार ती बाईची मांडी, बाईची पाठ, वाकलेली मोलकरीण. मोलकरीण! केर काढताना बाईने कसं वाकायचं याची चिंता ज्या घरात तिला रोज करावी लागते, त्याच घरात ते चित्र टेबलावर पडलेलं असतं. खिडकी उघडल्यावर फजिती होते ती बघणाऱ्याची, हे खरं. पण तोवर पाहिली जाते ती तीच.

आता कुणी म्हणेल, मग मराठीत चांगलं काहीच नाही का? आहे की. शि. द. फडणीस. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोजमध्ये जन्मलेले, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. त्यांचं ते प्रसिद्ध मुखपृष्ठ आठवा, मुलाच्या बुशशर्टावर मांजरं आणि शेजारी उभ्या मुलीच्या साडीवर उंदीर. शब्द नाहीत. कुणाचा अपमान नाही. मुलगी सुंदर आहे पण तिच्या सौंदर्यावर विनोद नाही. विनोद कापडावरच्या नक्षीत आहे. ते चित्र पन्नासच्या दशकातलं. म्हणजे ‘तेव्हाचा काळच तसा होता’ ही सबबसुद्धा चालत नाही. त्याच काळात, त्याच बाजारात एक माणूस दुसऱ्या वाटेने जाऊन तुफान लोकप्रिय होत होता.

बंगळूरकडे वळते, कारण इथे एक नाव आहे जे मराठी वाचकांना फारसं सांगितलं जात नाही. माया कामत. जन्म १९५१चा, इंग्रजी साहित्यातलं शिक्षण. ऐंशीच्या दशकात ‘डेक्कन हेराल्ड’मध्ये त्यांची ‘गीता’ ही घरगुती चित्रमालिका आली. बाईने चित्र काढायचं तर घरातलं, असा तो दरवाजा होता. त्या त्यातून आत आल्या आणि थेट राजकीय व्यंगचित्रापर्यंत पोचल्या. पुढे ‘एशियन एज’मध्ये त्यांची राजकीय चित्रं येत. २००१मध्ये, पन्नाशीत, त्या गेल्या. मुंबईच्या ‘स्पॅरो’ या स्त्रियांच्या अभिलेखागाराने त्यांची चित्रं जपली आणि त्यांचं पुस्तक काढलं. एम. जी. रोडजवळच्या मिडफोर्ड गार्डनमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्सचं दालन आहे. त्या संस्थेचा राजकीय व्यंगचित्रासाठीचा पुरस्कार माया कामत यांच्या नावाने दिला जातो. भारतात राजकीय व्यंगचित्र काढणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. ‘पहिल्या’ हा शब्द मला बोचतो. सन २००० उजाडेपर्यंत ‘पहिली’ म्हणण्याजोगी परिस्थिती होती, हे त्यातून कळतं.

मुंबईत मंजुळा पद्मनाभन यांची ‘सुकी’ १९८२मध्ये ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये आली होती. विस्कटलेल्या केसांची, कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही, आपल्याच विचारात असलेली मुलगी. आणि आजच्या बंगळूरमध्ये रचिता तनेजा ‘सॅनिटरी पॅनल्स’ काढतात, काड्यांच्या माणसांनी. काडीची बाई मला विलक्षण आवडते. तिला छाती नाही, कंबर नाही, पदर घसरायला पदरच नाही. तिला फक्त म्हणणं आहे. बाईच्या शरीरावर चालणारा सगळा धंदा त्या काडीने एका फटक्यात बंद केला. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयावरच्या चित्रांसाठी त्यांच्यावर अवमानाची कारवाई सुरू करायला महान्यायवादींनी संमती दिली, आणि २०२४मध्ये त्यांना धाडसी व्यंगचित्रकारितेसाठीचा कोफी अन्नान पुरस्कार मिळाला. काडीच्या बाईला सत्ता घाबरते, असं यातून दिसतं. लाटणंवालीला कुणी घाबरल्याचं ऐकिवात नाही.

घरगुती विनोद सोडून राजकीय चित्रांकडे गेलं तर तिथे बाई वेगळ्या रूपात भेटते: देवी म्हणून किंवा बलात्काराची बळी म्हणून. लोकशाहीचं वस्त्रहरण. द्रौपदीच्या जागी लोकशाही, कधी संविधान, कधी महाराष्ट्र. दर निवडणुकीला कुणीतरी काढतंच. दक्षिण आफ्रिकेत झापिरो या नावाने चित्रं काढणाऱ्या जोनाथन शापिरो यांनी ७ सप्टेंबर २००८ला ‘संडे टाइम्स’मध्ये एक चित्र काढलं: न्यायदेवतेला चौघांनी जमिनीवर दाबून धरलं आहे आणि जेकब झुमा पट्टा सोडत उभे आहेत. झुमांवर आधी बलात्काराचा खटला झालेला होता, ते २००६मध्ये निर्दोष सुटले होते. चित्राने खळबळ माजली, झुमांनी दावा लावला आणि २०१२मध्ये मागे घेतला. २०१७मध्ये झापिरोंनी पुन्हा तेच रूपक वापरलं, या वेळी झेंडा गुंडाळलेली कृष्णवर्णीय बाई म्हणजे देश. तेव्हा त्यांच्या बाजूचे असलेले अनेकजणही वैतागले. ज्या देशात बलात्कार रोजची गोष्ट आहे तिथे तो भ्रष्टाचाराचं रूपक म्हणून किती वेळा वापरणार? पहिलं चित्र धाडसाचं होतं, हे मी मान्य करते. दुसऱ्या वेळी तो ब्लॉक झाला होता, कपाटातून काढलेला. त्याच खंडातून आयव्हरी कोस्टच्या मार्गरित अबुएंची ‘आया’ २००५मध्ये आली. आबिदजानच्या योपुगाँ वस्तीतली, डॉक्टर व्हायचं म्हणणारी, मैत्रिणींच्या भानगडी निस्तरणारी मुलगी. ती कुणाचं रूपक नाही, म्हणून ती लक्षात राहते.

आपल्याकडचा २०१६चा प्रसंग तर या सगळ्यावर कळस आहे. १३ जुलैला कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्या संतापातून मराठा मूक मोर्चे निघाले, लाखोंचे, आणि पुढे मुली चालत होत्या. सप्टेंबरमध्ये ‘सामना’च्या रविवार पुरवणीत एक व्यंगचित्र आलं, ‘मूक’चा ‘मुका’ करून. बलात्काराविरुद्धच्या मोर्चावर चुंबनाची कोटी! कोटी करणाऱ्याच्या मनात बाई म्हटल्यावर दुसरं काही आलंच नाही, याहून मोठा पुरावा मला नको. गदारोळ झाला, कार्यालयावर हल्ला झाला, पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. पण तो गदारोळ पुन्हा वाचून पाहा. समाजाचा अपमान, अस्मितेचा अपमान, आया-बहिणींचा अपमान. ‘आमच्या’ आया-बहिणी. बाईचा अपमान हा कुणाच्या तरी मालमत्तेचा अपमान झाल्याशिवाय आपल्याकडे कुणी दगड उचलत नाही. त्या आधीच्या आणि नंतरच्या हजारो चित्रांतल्या लाटणंवालीसाठी, मोलकरणीसाठी, फोन्सेकासाठी कुणी निषेधाचं पत्रसुद्धा धाडलं नाही, कारण त्या कुठल्याच समाजाच्या नव्हत्या. नुसत्या बाया होत्या.

दगड कुणीच उचलू नये, हे सांगायची गरज पडू नये. बंदी, खटला, माफीनामा यांतलं काही मला नको आहे; व्यंगचित्रकाराला तुरुंग दाखवणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. माझं भांडण संपादकांशी आहे, आणि ते साधं व्यावसायिक भांडण आहे. तीच उपमा दहाव्यांदा वापरणाऱ्या कवीची कविता तुम्ही साभार परत पाठवता. तोच नवरा, तीच बायको, तेच लाटणं घेऊन आलेलं चित्र मात्र छापता आणि वर मानधन देता. कवीला एक न्याय आणि व्यंगचित्रकाराला दुसरा, असं का? आणि ‘वाचकांना आवडतं’ म्हणाल तर तुमच्या वाचकांत निम्म्याहून अधिक बायका आहेत, हे तुम्हीच जाहिरातदारांना सांगत असता.

गेल्या वर्षी एका प्रकाशनाने मराठी नवरा-बायको विनोदांच्या इंग्रजी संग्रहाचं काम देऊ केलं. पैसे बरे होते. मी नाही म्हटलं. माझ्याऐवजी कुणीतरी करेल, ते कुणालाही जमण्यासारखं काम आहे. मला माया कामत यांची चित्रं मराठीत आणायची आहेत. नव्वदच्या दशकातलं राजकारण त्यांत ठासून भरलंय, तेव्हा पानोपानी तळटिपा द्याव्या लागतील. हक्कांची बोलणी, कागद, छपाई हे सगळं अंगावर घेणारा मराठी प्रकाशक असेल तर त्याने या नियतकालिकाच्या पत्त्यावर मला लिहावं.